ताडपत्रीमागून कोण बोलतंय?

आदरणीय सुधाकर गुल्हाने सरांची आणि माझी पहिली ओळख माझ्या एका चुकलेल्या वाक्यानं झाली. मी पहिलीत होतो. आर्णी तालुक्यातल्या बोरीतांड्याची आमची जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंतची, आणि चारही वर्ग एकाच खोलीत. सर त्याच दिवशी बदलून आले होते. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "सर, मी पाणी पिऊन येते."

सगळी खोली हसली. चौथीतला एक दांडगा पोरगा ओरडला, "छोरी आली रे, छोरी!"

यात माझा काही दोष नव्हता. आमच्या तांड्यात घरोघरी गोरबोली बोलतात. मराठी आम्हाला परकीच. मी ती शिकलो अंगणवाडीत, आणि अंगणवाडीच्या ताई पुस्तकातलं मराठी बोलायच्या. मी येते, मी जाते, मी खाऊ देते. मला वाटलं, 'मी' म्हटलं की पुढं 'ते' लावायचं. बाईचं 'मी' वेगळं आणि गड्याचं वेगळं, हे कोणी सांगितलंच नव्हतं.

दुसरे कोणी गुरुजी असते तर म्हणाले असते, "येतो म्हण, येतो." सर तसं म्हणाले नाहीत. त्यांनी त्या दांडग्याला उभं केलं आणि फळ्यावर इंग्रजीत दोन शब्द लिहिले. "हे वाच. आय गो. पोट्टा म्हणते, आय गो. आता पोट्टी काय म्हणन?"

मग सर स्वतःच म्हणाले, "तेही म्हणते, आय गो."

दांडग्यानं डोकं खाजवलं. "मंग सर, वळखू कसं येते, कोण चाललं थे?"

"नाई येत. अन् कायले पाह्यजे वळखू? तहान लागली त्याले, जाऊ दे ना बाप्पा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जा, पिऊन ये."

मी हंड्याकडे पळालो. त्या दिवसापासून इंग्रजी मला आवडायला लागली. जगात एक अशी भाषा आहे, जिच्यात मला कोणी हसू शकत नाही, एवढंच तेव्हा कळलं.

सर मूळचे घाटंजीकडचे, शेतकरी घरातले. त्यांची इंग्रजी फार उंची होती असं नाही. ते स्वतःच म्हणायचे, "माई इंग्रजी घाटंजीच्या बाजारातली हाय, पोट्टेहो. पण भाजी ताजी भेटन." आणि आम्हाला इंग्रजी शिकवण्याआधी ते आमच्याकडून गोरबोली शिकले. पहिल्याच आठवड्यात दारोदार जाऊन आमच्या आयांना विचारत होते, "तारो नाम कांई छ?" आया पदराआड हसायच्या. पण नावं सांगायच्या. तोपर्यंत शाळेच्या कागदावर त्या कोणाची तरी बायको नाहीतर कोणाची तरी आई होत्या.

माझ्या त्या वाक्यातूनच सरांचा ताडपत्रीचा खेळ निघाला. सोयाबीन झाकायची जुनी निळी ताडपत्री त्यांनी वर्गात दोरीवर टांगली. एक लेकरू तिच्यामागं जायचं. हातात पाण्याच्या पाइपाचा तुकडा. त्यातून बोललं की सगळ्यांचाच आवाज सारखा भसाडा यायचा. त्यानं इंग्रजीत तीन वाक्यं बोलायची. सर विचारायचे, "कोण बोलून राह्यलं?" आणि आम्ही ओळखायचं, पोट्टा की पोट्टी.

नियम एकच होता. खोटं बोलायचं नाही. घरी जे काम खरंच केलं तेच बोलायचं.

पोरी जायच्या आणि धडाधड बोलायच्या. आय स्वीप. आय वॉश. आय फेच वॉटर. आम्ही लगेच ओरडायचो, "पोट्टी!" मग पोरं गेली. आय ईट. आय प्ले. आय स्लीप. पोरी हसून लोळायच्या, "पोट्टा! पोट्टा!" दांडगा तर एकदा ताडपत्रीमागं जाऊन गप्पच उभा राहिला. सर म्हणाले, "बोल ना." तो पाइपातून म्हणाला, "सर, मी काईच नाई केलं." या वाक्यात पोट्टा की पोट्टी काहीच नव्हतं, तरी सगळ्यांनी एका सेकंदात ओळखलं.

हरायचा कंटाळा आला तसं आम्हा पोरांच्या ध्यानात आलं की जिंकायचं तर पोरींचं काम करावं लागेल. आणि खरं करावं लागेल, कारण घरी कोण काय करतं हे अख्ख्या तांड्याला माहीत. मग एक जण अंगण झाडायला लागला, एक भांडी घासायला लागला. एका आजीनं सरांना रस्त्यात अडवून विचारलं, "काहो गुर्जी, हे पोट्टे काहून झाडून राह्यले? शाळेत काई दवा पाजली का?"

सर म्हणाले, "इंग्रजीचा अभ्यास करून राह्यले, आजी."

आता मी माझ्या बहिणीविषयी लिहितो, कारण सरांनी आमच्या घरासाठी काय केलं ते तिच्याशिवाय सांगता येत नाही. ललिता माझ्याहून एका वर्षानं मोठी. गोरबोलीत मोठ्या बहिणीला बाई म्हणतात, म्हणून पुढं मी बाई लिहीन ते तिलाच. तिला लहानपणापासून यंत्राचा नाद. बैलगाडी हाकायची, शेतातली मोटर चालू करायची, फुटलेला पाइप सायकलच्या ट्यूबनं बांधायची. मला त्यातलं काही जमत नव्हतं. मी याडीजवळ, म्हणजे आईजवळ, चुलीपाशी रमायचो.

बाई चौथीत होती तेव्हा आमच्या घरी बाळू जन्मला. चौथीनंतर आर्णी रस्त्यावरच्या मोठ्या गावात जावं लागे. बा म्हणाला, "पाचवीले कायले जाते? याडी वावरात जाईन, मंग लहानग्याले कोण पाहीन?" विषय संपला. पण त्या दिवसापासून बाई पाटीवर एकच वाक्य पुन्हा पुन्हा लिहायची. आय गो. पुसायची आणि परत लिहायची. सरांनी ते पाहिलं होतं.

वर्ष संपता संपता पालकसभा झाली. सगळे बाप ओळीनं बसले, आया मागं. सरांनी तीच ताडपत्री टांगली आणि म्हणाले, आज पालकांनी ओळखायचं.

पहिला भसाडा आवाज आला. "आय ड्राइव्ह द बुलक कार्ट. आय स्टार्ट द पंप. आय फिक्स द पाइप."

सर मराठीत सांगत गेले, पण बोलणारा की बोलणारी ते कळू न देता. "बैलगाडी हाकणं. मोटर चालू करणं. फुटका पाइप जोडणं. आता सांगा उकंडाभाऊ, कोण बोलून राह्यलं?"

बा खुशीत आला. "माया अंकुश! परवाच जोडला ना त्यानं पाइप, मी डोळ्यानं पाह्यला जोडलेला."

दुसरा आवाज आला. "आय मेक टी. आय कुक राइस. आय बेद द बेबी."

"चहा करणं. भात शिजवणं. बाळाले आंघोळ घालणं."

"हे ललिता," बा म्हणाला. "माया सकाळचा चहा तेच करते. एक नंबर करते."

सरांनी ताडपत्री सरकवली. पाइप जोडणारी बाई उभी होती, आणि तिच्या बाजूला मी, बाळूला कडेवर घेऊन.

सगळी सभा हसली. आमच्या तांड्याचे नाईक, म्हणजे तांड्याचे मुखिया, मांडीवर थाप मारून म्हणाले, "उकंडा, लेका, बजारात शंभर बैलात आपला बैल वळखतं तू, अन् घरचे दोन लेकरं वळखू येत नाई तुले!"

बा माझ्याकडे पाहत राहिला. "थो चहा... तू करतं?"

"हो बा."

त्यानं खांद्यावरचा दुपट्टा झटकला आणि उठून चालू लागला. दुसऱ्या दिवशी बाई शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बा म्हणाला होता, "झाली तेवढी शाळा लय झाली." पाचवी तर गेलीच होती, आता चौथीचा निकाल ऐकायलाही ती जाणार नव्हती.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला सर आमच्या घरी आले. त्या संध्याकाळी सरांचं जे रूप मी पाहिलं, त्यासाठीच मी हा लेख लिहायला बसलो आहे. ते बाजेवर बसले आणि बाला म्हणाले, "उकंडाभाऊ, चार लोकात तुमचं हसू झालं. थे मायी चूक हाय. लेकरायचं कौतुक दाखवाचं होतं मले, तुमाले खाली पाह्याले लावाचं नोतं. माफ करा."

एवढे शिकलेले सर आमच्या बाची माफी मागत होते. बा जमिनीकडे पाहत होता. तसंच पाहत म्हणाला, "चहा ठेव."

कोणाला म्हणाला ते त्यानं सांगितलं नाही. बाई आणि मी, दोघंही एकदमच उठलो. बानं ते पाहिलं. त्याच्या मिशीत काहीतरी हललं.

चहा झाल्यावर त्यानं बाईकडे बोट दाखवून विचारलं, "ही मोटर चालू करते, हे इंग्रजीत कसं म्हनाचं?"

"शी स्टार्ट्स द पंप."

"अन् पोट्टा करन तं?"

"ही स्टार्ट्स द पंप."

बा थबकला. "ही? पोट्ट्याले 'ही' म्हंते इंग्रजीत?"

"हो ना."

तीन दिवसांत बा पहिल्यांदा हसला. "म्हंजे मी इले 'ही' म्हनतो, तं इंग्रजीच्या हिशोबानं हे पोट्टाच झाली! मंग जाऊ द्या गुर्जी पाचवीले. आजपासून मी इले पोट्टाच समजतो."

दारात उभ्या याडीनं सुटकेचा श्वास सोडला. बाईचे डोळे चमकले. कोणीही असतं तर इथंच हात जोडून उठलं असतं. काम झालं होतं. सरांनी मात्र कप खाली ठेवला.

"नाई भाऊ," ते म्हणाले. "पोट्टा समजून नोका पाठवू. उद्या कुठं चुकली, नापास झाली, तं तुमी म्हनान, पोट्टा कुठं, शेवटी पोट्टीच होती. हे पोट्टी हाय, अन् पोट्टी म्हनूनच हुशार हाय. पोट्टी म्हनूनच जाऊ द्या."

बाईनं माझं मनगट धरलं होतं ते इतकं घट्ट की वळ उठला. हातात आलेली गोष्ट सर परत सोडून देत आहेत असंच आम्हाला वाटलं. तेवढ्यात झोळीत बाळू रडायला लागला. बानं तिकडे मान वळवली. "अन् याले कोण पाहीन?"

मी उठलो, बाळूला उचललं. "मी पाहीन. मी शाळेत नेईन याले."

"आण," सर म्हणाले. "झोपला तं माया खुर्चीजवळ झोळी बांधू."

बा माझ्याकडे पाहत राहिला, मग बाईकडे. "जाऊ दे," तो म्हणाला. आणि थोडं थांबून, "पोट्टीच जाऊ दे."

पुढचं वर्षभर वर्गात खरोखरच झोळी बांधलेली होती. सर फळ्यावर लिहायचे आणि एका पायानं झोळी हलवायचे. बाळूचा पहिला शब्द याडी नव्हता, बा नव्हता. तो होता 'गो'. याडी अजून या गोष्टीवरून सरांवर रुसलेली आहे.

त्यानंतर आमच्या घरी बाईला कौतुकानंसुद्धा कोणी पोट्टा म्हटलं नाही. कोणी पाहुणा म्हणाला, "उकंडा, तुई ललिता म्हंजे पोरगाच हाय," तर बा त्याला थांबवतो, "पोरगीच हाय." हे दोन शब्द सरांनी आमच्या घराला दिले.

झोळीचं वर्ष संपल्यावर बाळू याडीबरोबर वावरात जायला लागला आणि मीही पाचवीत गेलो. सायकल एकच. बाई हाकायची, मी मागं कॅरियरवर. पोरं चिडवायची, "अबे अंकुश, बहिणीच्या मांगं बसून कुठं चालला?" बाईच उत्तर द्यायची, "चढ हाय, येतं का तू हाकाले?" कोणी आलं नाही.

माझा पाय मात्र एका जागी ठरत नाही. सातवीतून मी शाळा सोडली. यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत लागलो. तिथून सुरत, मग पुणे, मग कुठं कुठं. सरांचं घर लोहाऱ्यालाच. मी तिथं खोली केली आहे हे त्यांना कळलं तसे एका रविवारी ते दारात येऊन उभे. मला वाटलं आता शाळेवरून बोलतील. ते आत आले, गंजातलं, म्हणजे पातेल्यातलं, वरण हुंगलं आणि इंग्रजीत विचारलं, "हाऊ?" म्हणजे कसं केलं. एवढंच. मी सांगत गेलो, आय वॉश द डाळ, आय कट द अनियन. ते जेवले, म्हणाले, "मीठ कमी हाय. पण जिथं जाशीन तिथं उपाशी नाई मरत तू." जाताना त्यांनी मला घरी नेलं. सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, आरोग्य केंद्रात नर्स होत्या, त्या ड्यूटीवरून येतच होत्या. सरांनी कणीक मळलेलीच होती. गरम पोळी आधी काकूंच्या ताटात गेली, मग माझ्या. वर्गात शिकवलं ते घरात वेगळं नव्हतं, हे मी तिथं पाहिलं.

आता मी ओमानमध्ये कामगारांच्या मेसमध्ये स्वयंपाकी आहे. मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी इंग्रजीत विचारलं, तुला काय येतं? माझ्या तोंडून ताडपत्रीमागचीच वाक्यं निघाली. आय मेक टी. आय कुक राइस. ती खरी होती, म्हणून न अडखळता निघाली. इथं माझ्याबरोबर मल्याळी आहेत, बंगाली आहेत. त्यांच्या भाषेत बाईमाणूस असो की गडी, क्रियापद एकच. अरबीत मात्र 'तू'सुद्धा स्त्रीला वेगळा आणि पुरुषाला वेगळा. हे मी सरांना फोनवर सांगितलं तर ते लेकरासारखे खुश झाले. "अन् 'मी'? अरबीत 'मी' कसा हाय?" मी विचारून सांगितलं, 'मी' दोघांचा एकच. सर म्हणाले, "पाय! 'मी'त भेद नाई. दुसऱ्याले हाक माराले लागलो का भेद सुरू होते."

बाईचं सांगायचं राहिलं. तिनं यवतमाळला आयटीआय केलं. आर्णीला तिचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. बाहेरगावचा शेतकरी जळालेली मोटर घेऊन येतो आणि विचारतो, "मिस्त्री कुठं गेला?" ती मान वर न करता म्हणते, "गेला नाई. बसली हाय."

या गौरवग्रंथासाठी लिही, असं तिनंच मला सांगितलं. सरांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. सेवानिवृत्तीनंतरही ते लोहाऱ्याला घराच्या ओट्यावर आजूबाजूच्या लेकरांना जमवतात, आणि ताडपत्री अजून टांगतात. गुडघे दुखतात म्हणे. सर, झोळी हलवून हलवून दुखत असतील, तर त्याला आमचा बाळू जबाबदार आहे.

सत्काराच्या दिवशी मला यायला मिळणार नाही. म्हणून बाई तिथं ताडपत्री बांधणार आहे, आणि तिच्यामागून फोनवर माझा आवाज येईल, पाइपातून. नियमाप्रमाणं तीन वाक्यं पाहिजेत. आय कुक, हे खरं आहे. आय स्वीप, हेही खरं आहे. इथं खोली झाडायची पाळी माझीच असते. तिसरं वाक्य मला बोलता येत नाही. मला मुलगी झाली आहे. चार महिन्यांची आहे, आणि मी तिला फक्त फोनवर पाहिलं आहे. आय बेद माय डॉटर, हे वाक्य माझ्या तोंडाशी येतं आणि मी ते गिळतो. जे केलं नाही ते ताडपत्रीमागून बोलायचं नाही, हे तुम्हीच शिकवलं.

भाऊ लहान असताना जे वाक्य माझं खरं होतं, ते मुलीच्या बाबतीतही खरं करायचं आहे. त्याला थोडा वेळ लागेल. ते ऐकायला समोर तुम्हीच पाहिजे, सर. म्हणून तुमचे गुडघे धड राहोत, आवाज खणखणीत राहो, काकूंच्या ताटात तुमच्या हातची गरम पोळी पुढची कित्येक वर्षं पडत राहो. माझ्या पोरीलाही एक दिवस तुमच्या ओट्यावर पाइप हातात घेऊन उभं राहायचं आहे. तिनं काय काय केलं ते तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय तुम्हाला म्हातारं व्हायची परवानगी नाही.

तोवर असं समजा, की मी तुमच्या वर्गातून हंड्यापर्यंतच गेलो आहे.

सर, मी पाणी पिऊन येते.

आपला विद्यार्थी,
अंकुश उकंडा राठोड